दर्यावरच्याचं पान

"परत धाडा हे, काकी. आमचं कोण नाय तिकडं."

विनोद पाष्ट्याने पत्र लिफाफ्यात कोंबलं आणि लिफाफा बकुळाबाईंच्या पुढ्यात धरला. उघडून, दोनदा वाचून झालेलं पत्र परत कसं धाडायचं, हे काही त्याने विचारलं नाही.

"अरे, तुमच्याच घराण्याचं नाव आहे वर. बाबल्या धोंडू पाष्टे यांचे भाऊबंद. गाव बरोबर, तालुका रत्नागिरी बरोबर."

"नाव आसंल. सातबाऱ्यावर आधीच एकेचाळीस नावं हायत. निम्मी मुंबयला, दोघं कुठं हायत ते देवाला म्हाईत. घरकुलाचा फॉर्म भरला तेव्हा सह्या गोळा करत सहा महिने फिरलो मी. आता हे बेचाळिसावं मॉरिशसचं."

"ती जमीन मागत नाय रे."

"आज नाय मागत."

ओट्यावर त्याची आई सखू सुपात कुळीथ निवडत बसली होती. ऐंशी केव्हाच उलटून गेली होती तिची. तिने मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात घातली. बकुळाबाईंनी लिफाफा पिशवीत टाकला आणि त्या पाखाडीच्या पायऱ्या उतरून घरी आल्या.

गावचं पोस्ट म्हणजे बकुळाबाईंच्या घराची पडवी. एक टेबल, एक लोखंडी पेटी, शिक्के आणि अलीकडे दिलेलं मोबाईलसारखं एक यंत्र. तेहतीस वर्षं त्या हे पोस्ट सांभाळत होत्या. आधी सासरे बघायचे, मग नवरा, आणि तो गेल्यावर दहावी पास म्हणून त्या. मुलगी दीपाली चिपळूणला दिलेली. पत्ता अर्धवट असला तरी माणूस शोधून काढायचाच, ही त्यांची एकच खोड. 'तांबड्या घरातली आत्या, रत्नागिरी जिल्हा' एवढ्या पत्त्यावरचं कार्ड त्यांनी एकदा बरोब्बर पोचवलं होतं. आता चार वर्षांनी त्या निवृत्त होणार होत्या, आणि कार्डं येणं त्यांच्या आधीच थांबलं होतं. हल्ली यायची ती बँकांची पाकिटं आणि नोटिसा.

म्हणून दुपारी पडवीत बसून त्यांनी ते पत्र पुन्हा वाचलं. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल होतं.

'मी प्रभावती बाबल्या. आमचे आडनावच बाबल्या आहे. माझे खापरपणजोबा १८६१ साली मुंबईहून बोटीने येथे उसाच्या मळ्यावर आले. कारकुनाने त्यांचे नावच आडनाव म्हणून लिहिले आणि ते तसेच राहिले. त्यांचा कागद मला मिळाला आहे. त्यावर वडिलांचे नाव आहे, गाव आहे, उंची आहे, डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा आहे. आईच्या नावाला मात्र रकाना नाही. मी अडतीस वर्षे येथील शाळेत मराठी शिकवले. आता घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. आमच्या बाजूच्या सर्व स्त्रियांची नावे मिळाली. ही एक मिळत नाही. आपणांस ठाऊक असल्यास कृपया कळवावे. दुसरे काही मागणे नाही.'

बकुळाबाईंनी चष्मा काढून पुसला. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या आईचं नाव विचारणारं पत्र त्यांच्या पोस्टात पहिल्यांदाच आलं होतं.

पुढच्या सोमवारी हिशेबाची पिशवी घेऊन त्या रत्नागिरीला गेल्या, तेव्हा काम आटोपून तहसील कचेरीच्या जुन्या कागदांच्या खोलीतही गेल्या. तिथली दर्शना ओळखीची होती.

"काकी, एवढ्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या इथं नाहीत," दर्शना म्हणाली. "आणि असत्या तरी काय मिळालं असतं? हे बघा." तिने नंतरच्या काळातली एक वही उघडली. कागद बोटाला लागताच कडा सुटत होत्या. "मयत, राघोची बायको, वय अदमासे चाळीस, ताप. ही दुसरी. मयत, गोपाळची आई, वय साठ, म्हातारपण. ताप लिहिलाय, म्हातारपण लिहिलंय. नाव नाही."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून बकुळाबाई मनाशी आठवायला लागल्या. आई द्वारका. आईची आई सुंदर. वडिलांची आई... तिला सगळे 'मोठी आय' म्हणत. मोठ्या आयच्या मांडीवर त्या वाढल्या होत्या. तिच्या हाताचा पेजेचा वास अजून आठवत होता. नाव आठवेना. घाट संपून हातखंबा मागे पडलं तरी आठवेना. मग त्यांच्या लक्षात आलं की विसरायला ते कधी ठाऊकच नव्हतं.

आठ दिवसांनी विनोद कामाला गेलेला बघून त्या पाष्ट्यांकडे गेल्या. सखू ओट्यावरच होती.

"काय गो बकुळा, धाडलंस काय कागद परत?"

"नाय धाडला. तुला वाचून दाखवू?"

"दाखव. मना कोण वाचून दाखवतोय?"

बकुळाबाईंनी सावकाश वाचलं. पुस्तकी शब्द आला की तो सोपा करून सांगितला. बोटीचा उल्लेख आला तशी सखूने हात वर केला.

"बोटीतून गेल्ता म्हनतंस? दर्यातून?"

"हो. मग आलाच नाय परत. तिकडंच लग्न केलं, तिकडंच वारला."

सखू पुढे सरकून बसली. "मंग त्याचं पान आमच्या घरात हाय," ती म्हणाली.

"कसलं पान?"

"सर्वपित्रीला म्हाळ घालतांव ना, तवा पितरांची पानं पुरुष मानसं वाडतात. ती झाली की मागल्या दारी, खाडीकडं तोंड करून, आनिक एक पान वाडायचं. ते बाईमानसानंच. सासूनं मना सांगितलान, दर्यावरच्याचं पान म्हनून. कोण दर्यावरचा, ते तिला पन म्हाईत नव्हतं. आमाला वाटायचं, बुडाला आसंल कोणतरी."

"काय वाढता त्याच्यावर?"

"बाकी सगळं तेच. भात, वडा, काळ्या वाटान्याचं सांबार. पन पाच भाजलेल्या आठळ्या ठेवायच्या. फनस जेठात संपतो, तवा त्याच्यासाठी आठळ्या मातीत पुरून ठेवाव्या लागतात. एका वर्सी मी इसरले, तर सासू दोन दिस बोलली नाय माज्याशी." सखूने पदराने तोंड पुसलं. "आनि तांब्याभर पानी. सासू बोलायची, दर्यावर पानी मोप, पन पिता येत नाय."

कोणीतरी एका बाईने, धोंडूच्या बायकोने, पोरगा गेल्यावर पहिल्या वर्षी हे पान वाढलं असणार. तो जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना. त्याला आठळ्या आवडत असतील. तिने ते धाकट्या सुनेला शिकवलं, सुनेने तिच्या सुनेला.

"तिचं नाव काय गो, सखूआये? ऐकलंस कधी?"

"नाव कुठचं बाय. पोराचं पान ऱ्हायलं. म्हातारीचं पान कोण वाडतो?"

बकुळाबाईंनी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बसून उत्तर लिहिलं. पत्राखाली फोन नंबर होता, पण हे फोनवर सांगण्यासारखं त्यांना वाटलं नाही. नाव मिळालं नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलं. मग पानाचं लिहिलं. विनोदची भीतीही लपवली नाही. घरात येऊ इच्छिणाऱ्या माणसाला उंबरा किती उंच आहे ते आधी कळलेलं बरं.

सव्वा महिन्याने उत्तर आलं. प्रभावतीबाई सर्वपित्रीला येणार होत्या.

विनोद भडकला. "म्हातारीच्या तोंडातून काय काय काढून घेतलंत, काकी? घरातलं घरात ऱ्हायला नको?"

बकुळाबाई खाली बघत उभ्या राहिल्या. चूक तर झालीच होती. पोस्टाच्या माणसाने पत्र द्यावं, पत्रात शिरू नये. पण ओट्यावरून सखूच बोलली.

"पासष्ट वर्सं पान वाडतांय मी, इनोद. बिननावाचं वाडलं. आता ज्याचं पान त्याची नात दारात येते म्हनते, आनि तू दार लावनार? लाव. पन मंग ह्या वर्सापासून वाडनार नाय मी."

विनोद चपला घालून निघून गेला.

सर्वपित्री अमावस्येला दहाच्या सुमारास रत्नागिरी स्टेशनवरून केलेली रिक्षा पाखाडीच्या तोंडाशी थांबली. बकुळाबाई तिथे वाट बघत होत्या. उतरलेल्या बाई सत्तरीच्या, काळ्यासावळ्या, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. पाखाडीच्या प्रत्येक पायरीवर त्या थांबत आणि दोन्ही बाजूंना बघत.

"आपणच बकुळाबाई? आपले उपकार मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी, फक्त 'र' घशातून यायचा.

अंगणात विनोद उभा होता. या म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. प्रभावतीबाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून प्रथम एक कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. शिक्का मारलेला, तिकडच्या वकिलाचा. सोबत त्यांनी स्वतः केलेलं मराठी भाषांतर. माझा, माझ्या मुलांचा व त्यांच्या वारसांचा पाष्टे कुटुंबाच्या कोणत्याही जमिनीवर वा घरावर हक्क नाही व पुढे राहणार नाही.

विनोदने कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्याला तो कुठे ठेवावा तेच कळेना. आधी त्याने तो परत द्यायला पुढे केला, मग घडी घातली, खिशात घातला, पुन्हा काढला.

"एवढ्या लांबून हे आनायची गरज नव्हती, आत्या," तो शेवटी म्हणाला. "पाय धुवा. पानी काढलंय."

पितरांची पानं वाढून झाली. मग सखूने मागल्या दाराशी केळीचं पान मांडायला घेतलं. भात, वडा, सांबार. मडक्यातून पाच आठळ्या काढून तिने मोजून ठेवल्या. पान ठेवायचं ते दाराखालच्या, खाडीकडच्या कातळावर, आणि तिला आता तिथे उतरता येत नव्हतं. गेली दोन वर्षं विनोदची बायको श्रद्धा पान नेऊन ठेवायची. सखूने श्रद्धाला थांबवलं.

"तुमी न्या," ती प्रभावतीबाईंना म्हणाली. "ह्या अंगाला तोंड करून ठेवा. नाव घ्यायचं नसतं, पन तुमाला म्हाईत हाय तर घ्या."

प्रभावतीबाई पान घेऊन उतरल्या. बकुळाबाई मागून तांब्या घेऊन गेल्या. कातळावर पान ठेवून प्रभावतीबाई वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. ते मराठी होतं की तिकडचं, बकुळाबाईंना ऐकू आलं नाही. सरळ उभ्या राहिल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरी आठळ्या कोणालाच ठाऊक नाहीत."

जेवणं झाल्यावर त्यांनी ओट्यावर मोठा कागद पसरला. वर्तुळं, रेघा, शेकडो नावं. अगदी वर, धोंडूच्या शेजारचं वर्तुळ रिकामं होतं.

"इथं काय लिहिणार?" बकुळाबाईंनी विचारलं.

"काही नाही. मोकळंच ठेवीन. खाली पानाची हकिकत लिहीन." त्यांनी शाईपेन उघडलं. "आता या घरातल्या स्त्रियांची नावं सांगा."

"आये सखू. बायको श्रद्धा," विनोदने सांगितलं.

"ही सासरची. माहेरची सांगा."

"मी श्रद्धाच. आमचं बदललं नाही," श्रद्धा म्हणाली.

सगळ्यांनी सखूकडे पाहिलं. तिने आधी हात झटकला. "कशाला आता ते." मग तिने पदर सारखा केला.

"चिमा," ती म्हणाली. "मी चिमा व्हते."

विनोद आईकडे बघत राहिला. पंचावन्न वर्षांचा होता तो.

"आये, कधी बोललीस नाय."

"इचारलान कोणी?"

प्रभावतीबाईंनी गोल अक्षरात नाव लिहिलं. सखूला वाचता येत नव्हतं. "कुठं लिवलंस ते दाखव," ती म्हणाली. त्यांनी दाखवलं. शाई ओली होती, म्हणून सखूने बोट अक्षरांवर न टेकवता त्यांच्या शेजारी ठेवलं, आणि ती वाळेपर्यंत तिथंच ठेवलं.