पाटाखालची समुद्रगाय

लालबागच्या आमच्या मंडळात लवूमामाचा हलता देखावा आणि त्यात चुका काढणारे, दोन्ही कधी कमी पडले नाहीत. यंदा मात्र सेक्रेटरी अजितने आधीच बजावलं होतं, "मामा, पब्लिक थांबलं नाही तर पुढच्या वर्षी एलईडी स्क्रीन. फायनल."

हलत्या देखाव्याशिवाय मामाला दुसरं काही येत नाही. यंदा त्याने समुद्रगाय घडवली, डुगाँग. समुद्रगवत चरायला खाली वळलेलं जाड ओठांचं तोंड, दुभंगलेली शेपटी, काखेत दूध पिणारं पिल्लू. गोल शेपटीची ती मॅनाटी, ती आपल्याकडची नव्हे, हे तर चहावाल्यालाही पाठ झालं. हा मासा नव्हे. श्वासासाठी तिला वर यावंच लागतं. मोटर फिरली की निळं कापड फाकायचं, गाय वर यायची, नाकपुड्यांची झाकणं उघडायची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती बसली आणि अजित ओरडला, "बंद कर! नाक बाप्पाच्या पाटाच्या वर जातंय!"

मंडळाचा जुना नेम आहे, देखाव्यातलं काही पाटाच्या वर जायचं नाही. मामाने माप गेल्या वर्षीच्या पाटाचं धरलं. यंदाचा पाट ठेंगणा निघाला.

"वर आणूच नको तिला."

"अरे, मरेल ती!"

"फायबरची आहे, मामा."

समुद्र खाली घ्यावा तर गायीखालच्या मोटरला जागा उरेना. मामाने मोटरच उपटली, समुद्र खाली घेतला आणि गाय वर-खाली करणारा दांडा हाताने ढकलायला तो स्वतः स्टेजखाली शिरला.

सुभद्रामामी धावत आली. "अहो, तुमका दमो आसा! आत वारो तरी येता काय?"

"येता गो."

कितपत येतो ते चतुर्थीला पाण्याची बाटली द्यायला वाकलो तेव्हा कळलं. चहूकडून प्लायवूड, ओल्या रंगाचा वास. गाय वर गेली की कापड फाकायचं, त्या फटीला मामा तोंड लावायचा. ती खाली आली की फट बंद.

"बाहेर या, मामा."

"आणि दांडो कोण ढकलतलो? तू?"

मी बाटली ठेवून बाहेर आलो. रांग पार नाक्यापर्यंत. अजित खूश होता. त्याने वाकून हाक दिली, "मामा, जरा जास्त वेळ खाली ठेव ना! पब्लिकला वाट बघायला मजा येते."

गाय वर आली. खाली गेली, आणि लगेच पुन्हा वर आली.

"हिला दम लागलाय," रांगेतली एक चिमुरडी म्हणाली. सगळे हसले.