महिपतीच्या खिशातला पंप

बजाबाईच्या खानावळीत जेवायला बसणाऱ्यांत धड श्वास घेणारा माणूस शोधून सापडला नसता. सगळे गिरणीचे. कापूस पिंजतात त्या खात्यातले तर पहिला घास गिळायच्या आधी खाकरायचे आणि खाकरून झालं की गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळाबरोबर कापूस पोटात उतरतो आणि सकाळी निघून जातो, असं जुन्यांनी नव्यांना सांगून ठेवलेलं. कापूस कुठंही उतरत नव्हता. छातीत बसत होता. पण छातीचं नाव काढायचं नाही. छातीचं नाव काढलं की साहेब हिशेब हातात देऊन गावाकडं धाडतो, ही भीती. म्हणून सगळ्यांना सर्दी होती. बारा महिने सर्दी.

चुलीपुढं बसलेल्या बजाबाईलाही सर्दीच होती.

गिरणीच्या संपात नवऱ्याची, महिपतीची, नोकरी गेली तेव्हा तिनं शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत ही खानावळ काढली. पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत चूल, चुलीमागं न्हाणी. भाकरी, आमटी, चटणी सगळं तिनं करायचं. महिपतीनं वाढायचं आणि मालक म्हणवून घ्यायचं. चुलीच्या खोलीला एक झरोका होता, तोही शेजारच्या भिंतीकडं तोंड करून. जळण कापसाच्या वाळक्या पळकाट्यांचं आणि गवऱ्यांचं, पेटवायला गिरणीतला तेलकट टाकाऊ कापूस. एवढी वर्षं तो धूर कुठं जात होता याचा विचार कुणी केला नाही. बजाबाईच्या आत जात होता.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. त्या हिवाळ्यात बजाबाईला परात उचलवेना. भाकरी थापता थापता थांबायची, तोंड उघडं, डोळे वर. महिपती तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि कपाटातून एक वाकडी प्लॅस्टिकची नळी काढली. तिच्यात अंगठ्याएवढी धातूची कुपी बसवलेली.

"हा पंप. मुंबईहून मागवावा लागतो. आधी श्वास सोडायचा. मग तोंडात धरायचा, ओठ मिटायचे, इकडं दाबायचं आणि त्याच वेळी आत ओढायचं. करून दाखवा बघू."

बजाबाईचा पदर नाकावर गेला. परक्या पुरुषापुढं आ करायचा? सासऱ्यापुढं ती कधी जांभईसुद्धा उघडी दिली नव्हती. ती खाली बघत बसली. डॉक्टर थांबला, बाहेर रांग खोकत होती. महिपतीनं पंप उचलला.

"कळलं की डाक्टर. घरी करंल ती."

घरी तिनं केलं. न्हाणीत जायचं, भिंतीकडं तोंड करायचं, पदर तोंडावर घट्ट धरायचा आणि पदरावर पंप टेकवून दाबायचा. फुस्स. औषध लुगड्यात. एक दिवस नाही, महिनाभर तिनं आपल्या लुगड्याला औषध दिलं. पंपाचं तोंड आपल्या तोंडाला लागलं तर ते उष्टं होणार, उष्टा हात पिठाला लागणार, तिच्या हातची भाकरी माणसं खाणार, हाही विचार होता. दम तसाच.

"पंपानं बी गुण न्हाय म्हंजे लईच वाढलंय," महिपती म्हणाला. बजाबाईनं मनातल्या मनात स्वतःचं तेरावं घालून टाकलं.

शेजारच्या सुंदरम्मानं तिला धरलं. सुंदरम्माच्या घरात माग होते, सासऱ्याला दमा होता, त्याच्याकडंही असला पंप होता. एके सकाळी विस्तव मागायला मागल्या दारानं आली तर न्हाणीत बजाबाई भिंतीशी उभी.

"अय्यो! पदरातनं घेतीस व्हय? पदराला दमा हाय का तुज्या?"

"लाज वाटती गं."

"कुनाची? ह्या भिताडाची? काढ तो पदर. आ कर. भाकर खाताना करतीस न्हवं?"

"उष्टं हुतंय की."

"मग हात धू. मेल्यावर काय, सवळ्यात मरायचंय?"

सुंदरम्मानं पदर ओढून काढला, पंप तिच्या दातांत धरला आणि 'वड, वड, वड' म्हणत स्वतःच दाबला. बजाबाईला ठसका बसला. मग थोड्या वेळानं छातीवर बसलेलं कुणीतरी उठून बाजूला झालं. बजाबाई रडायला लागली.

"रडू नको," सुंदरम्मा म्हणाली, "आलेला दम फुकट जातोय."

आता पंप लागू पडला आणि तिथंच घोटाळा झाला. न्हाणीतला आवाज पुढं ऐकू जायचा. आत जाणारी बजाबाई निळी आणि बाहेर येणारी ताजी, हे दाराच्या फटीतून पंगतीला दिसायचं. पंगतीत शिवप्पा होता. शिवप्पाची जीभ गिरणीच्या भोंग्याआधी वाजायची.

"मावशी आत जाऊन काय मारतीया रं? जाताना मड्यावानी, येताना नवरीवानी."

"गांजा असंल," कुणीतरी म्हणालं.

"मग आमालाबी दे म्हनावं, जेवनाच्या पैशात धर की!"

पंगत हसली. हसता हसता निम्मी खोकली. मग शिवप्पानं ताट पुढं सरकवलं.

"मस्करी ऱ्हाऊ द्या. छातीचा रोग असंल तर सांगा बाबा. तिच्या हातचं खातो आमी."

महिपतीच्या हातात आमटीचं भांडं होतं. त्याला तेव्हा खरं सांगता आलं असतं. दमा हा लागणीचा रोग नव्हे, हे डॉक्टरनं त्याला दोनदा सांगितलं होतं. पण त्याला पंगत उठताना दिसली, पेठ दिसली, 'खोकरीची खानावळ' हे नाव दिसलं. त्यानं भांडं खाली ठेवलं, आत गेला, बजाबाईच्या हातातून पंप काढून घेतला आणि पंगतीपुढं येऊन वर धरला.

"ह्ये व्हय? माजं हाय ह्ये. दमा मला हाय. ती नुसती धुऊन ठेवती."

आणि विश्वास बसावा म्हणून त्यानं तो सगळ्यांसमोर तोंडात धरून ओढला. पंगतीला ते पटलं. पुरुषाला दमा असला तर चालतो. पुरुष भाकरी थापत नाही.

दाराआड बजाबाई उभी होती. नवऱ्यानं आपली लाज राखली असंच तिला वाटलं. त्या दिवसापासून पंप महिपतीच्या सदऱ्याच्या खिशात राहायला लागला. बजाबाईला दम लागला की तिनं तव्यावर चिमटा आपटायचा, महिपतीनं काहीतरी निमित्त काढून आत जायचं, तिला पंप द्यायचा आणि परत खिशात घालून बाहेर यायचं.

सुरुवातीला तो धावत जायचा. मग वाढणं उरकून जायला लागला. कारण बाहेर त्याचं बरं चाललं होतं. "महिपत, बस जरा, दम खा." "महिपत, ओझं नको उचलूस." जन्मात त्याला कुणी इतकं विचारलं नव्हतं. तो खिशावर हात ठेवून बोलायला शिकला. हळूहळू खोकायलाही शिकला.

"अवो, चिमटा आयकू येत न्हाय का तुमाला?" बजाबाईनं एकदा विचारलं.

"येतो की. पंगत सोडून पळू का?"

वैशाखात वर्षाचं काळं तिखट करायचं असतं. त्या दुपारी बजाबाईनं पंगतीचं जेवण उरकता उरकता मिरच्या भाजायला घेतल्या. खरपूस धूर पुढच्या खोलीत आला आणि सगळी पंगत एकदम खोकायला लागली. कुणाच्या डोळ्याला पाणी, कुणाच्या नाकाला.

"मावशी, मारतीस काय गं?"

"मर की, तुजी भाकर मला दे!"

हसण्याखोकण्याचा नुसता गोंधळ. बाकीच्या दिवशी लपवून खोकणारी माणसं त्या दिवशी मोकळेपणानं खोकून घेत होती, कारण दोष मिरचीचा होता. त्या गोंधळात चिमटा वाजला.

महिपतीनं ऐकला. तो आमटी वाढत होता. पुन्हा वाजला. सगळेच खोकतायत, तीही खोकत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खोटं सांगितलं. कुठला ठसका मिरचीचा आणि कुठला बजाबाईचा, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"आरं महिपत," शिवप्पा डोळे पुसत ओरडला, "आमचं ऱ्हाऊ दे, तुला दमा. ह्या धुरात मरशील. घे की तुजा पंप!"

पंगत त्याच्याकडं बघायला लागली. काळजीनं बघायला लागली. महिपतीनं आमटीचं भांडं ठेवलं, खिशातून पंप काढला, तोंडात धरला आणि ओढला. आत चिमटा वाजत होता. त्यानं दुसऱ्यांदा ओढला.

मग चिमटा वाजायचा थांबला.

दारात बजाबाई आली. भिंत धरून आली. डोक्यावर पदर नव्हता, छातीवरचाही जागेवर नव्हता, ओठ जांभळे. एवढ्या वर्षांत ती पंगतीपुढं अशी आली नव्हती. तिनं कुणाकडं बघितलं नाही. महिपतीच्या हातातला पंप ओढून घेतला, हलवला, आ केला. सगळ्यांना तिचे दात दिसले, जीभ दिसली. ओठ मिटून तिनं ओढलं आणि भिंतीला टेकली.

"त्ये माजं हाय," महिपती पंगतीला म्हणाला. "तिनं चुकून..."

होय, तेव्हाही तो हेच बोलला. बायको भिंतीला टेकून मरणाच्या दारातून परत येत होती आणि ह्याच्या तोंडातून हेच बाहेर पडलं.

बजाबाईनं हात वर केला. बोलायला दम नव्हता. पंगत थांबली. तिनं आणखी एकदा ओढलं आणि मग तुटक तुटक बोलली.

"माजं हाय त्ये. दमा मला हाय." थांबली. "ह्यास्नी काय बी न्हाय. ह्यास्नी नुसती लाज हाय."

शिवप्पानं ताटात हात धुतला. त्याच्यामागं आणखी चारपाच जण उठले. "आमच्या जिवाचं कोन बघनार?" शिवप्पा दारात म्हणाला आणि वाक्य संपायच्या आत त्याला अशी ढास लागली की चौकट धरून उभं राहावं लागलं. कुणी हसलं नाही.

दुपार कलल्यावर कोंडीबा आला. पिंजण खात्यातला, वयानं सगळ्यांत थोरला, पंगतीत कोपऱ्यात बसणारा. तो मागल्या दारानं आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मावशी, त्ये कुटं मिळतं?"

"कुनाला पायजे?"

"गावाकडं भाऊ हाय माजा. मोडनिंबला. त्याला."

बजाबाई त्याच्या छातीकडं बघत राहिली. भाऊ मोडनिंबला होता आणि शिट्टी इथं वाजत होती.

"राती पंगतीत इचारा," ती म्हणाली. "पुढल्या दारानं या."

"न्हाय मावशी. शिवप्पा खात्यात सांगंल. घालवतील मला."

"शिवप्पाला काय कमी हाय? त्याची ढास न्हाय आयकली दारात? मी पंगतीपुढं तोंड उघडलं कोंडीबा. तुमी इचारा तरी."

कोंडीबा खाली बघून गेला.

महिपती पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. बजाबाईनं पीठ मळायला घेतलं. पंप तिच्या कमरेला, लुगड्याच्या केळ्यात खोचलेला.

"उठा. पंगतीला वाढायचंय."

"मी न्हाय जानार फुडं. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मी गेले की. हाय त्याच तोंडानं."

संध्याकाळची पंगत निम्मी होती. शिवप्पा मात्र आला. भाकरी दुसरीकडंही मिळाली असती, तमाशा दुसरीकडं मिळाला नसता. तो बसला, ताट वाजवलं आणि महिपती भाकरीची टोपली घेऊन समोर येईपर्यंत थांबला.

"काय महिपत, दमा कसा हाय तुजा?"

पंगत फिस्सकन हसली. महिपतीची मान टोपलीत.

"मला दमा न्हाय."

"आं? मोठ्यानं बोल की. मिरचीनं कान बसल्यात आमचे."

"मला दमा न्हाय," महिपती मोठ्यानं म्हणाला. "तिला हाय. दुपारी चिमटा वाजत हुता. मी आयकला. आयकून बी गेलो न्हाय. तिचं औषध मी वडत बसलो."

हसणं जागच्या जागी थांबलं. शिवप्पानं घास तोडला पण तोंडात घातला नाही. आतून फुस्स आवाज आला, उघड्या दारातून, चुलीपुढूनच. कुणी मान वर केली नाही.

बजाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं कोपऱ्यातल्या कोंडीबाकडं बघितलं. कोंडीबा ताटात बघत होता. त्याच्या पुढ्यात गुळाचा खडा होता, तो त्यानं बोटानं इकडून तिकडं सरकवला. महिपती टोपली घेऊन त्याच्यापुढं वाकला.

"भाकरी?"

कोंडीबानं ताटावर हात आडवा धरला. तोंड उघडायची हिंमत नव्हती. सगळी खोली गप्प झाल्यामुळं त्याच्या छातीतली शिट्टी आता स्वच्छ ऐकू यायला लागली, बारीक, प्रत्येक श्वासाला. शेजारी बसलेल्या शिवप्पानं ती ऐकली. त्यानं एकदा कोंडीबाकडं बघितलं, एकदा दारातल्या बजाबाईकडं बघितलं आणि ती शिट्टी आणखी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून स्वतःच मोठमोठ्यानं खाकरायला लागला.