लोलकाने दिलेली मालकी

ताडपत्र्यांच्या गोदामात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रकवाले, टायरवाले, विम्याचा एजंट, सगळे माना उंचावून एका पितळी लोलकाकडे बघत होते. लोलक एका कापडव्यापाऱ्याच्या चिमटीतून दोऱ्याला लटकत होता. खाली कागदावर दोन वर्तुळं होती, एकात लिहिलं होतं 'दुकान विक' आणि दुसऱ्यात 'दुकान ठेव'. आधी लोलक गप्प होता. मग किंचित थरथरला, डुलला, आणि बघता बघता 'ठेव'च्या दिशेने झोके घेऊ लागला. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू हलवलास का, बाळ?" समोर बसलेल्या लोलकमहाराजांनी विचारलं.

"नाही महाराज. शपथ."

"मग कोणी हलवला?"

गोदामात कोणी खोकेना. महाराजांनी ती शांतता पुरेशी मुरू दिली आणि म्हणाले, "धंद्याला आत्मा असतो. तोट्याला कान असतात, नफ्याला नाक असतं. वकील कायदा सांगेल, हिशेबनीस आकडे सांगेल, पण धंद्याच्या पोटात काय आहे ते फक्त लोलक सांगेल."

तोट्याला कान आणि नफ्याला नाक म्हणजे काय हे कोणालाच कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांना ते फार खोल वाटलं.

तिसऱ्या रांगेत चार ट्रकांचे एक मालक उभे होते. ते 'नुसतं बघायला' आले होते. हा माणूस असा, की ड्रायव्हरने ब्रेक ठीक आहेत म्हणून दहा वेळा सांगितलं तरी स्वतः गाडी यार्डात फिरवून आणल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांना ते बावळट म्हणत. तर असे हे चतुर मालक, पुढचा कोण असं विचारताच सर्वांत आधी पुढे सरसावले.

त्यांचा प्रश्न चार महिने घरात घोळत होता. काचेच्या कारखान्याचं वर्षभराचं काम मिळत होतं, पण कारखान्याला रीतसर नोंदणीचा अर्ज केल्याचे कागद हवे होते, आणि तेही येत्या शुक्रवारपर्यंत. आजवर सगळा कारभार तोंडी चाललेला. मालक गाड्या आणि ड्रायव्हर बघायचे. बाकी सगळं त्यांची बायको बघायची, जिला अख्खं यार्ड वहिनी म्हणे. भाडी ठरवणं, कुठली गाडी कुठे अडकली, कोणत्या ड्रायव्हरला चष्मा लागलाय पण तो कबूल करत नाही, हे सगळं वहिनींच्या डोक्यात असे. त्या दोन दिवस माहेरी गेल्या तर चारही ट्रक वाट चुकल्यासारखे वागत.

कर सल्लागाराने तीन वाटा समजावून सांगितल्या होत्या. एकमालकी केली तर कागद कमी, पण गाडीने कोणाला उडवलं आणि दावा विम्याच्या बाहेर गेला तर तो थेट घराच्या दारात येणार. भागीदारीत दोघांची नावं, पण एकाच्या चुकीला दुसराही बांधील. कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत तिसराच माणूस. तिचं देणं सहसा तिच्यापाशी थांबतं, मात्र तुम्ही स्वतः जामीन राहिलात तर तीही वाचवत नाही, आणि दरवर्षी कागदांचा रतीब घालावा लागतो.

वहिनींचं मागणं एकच होतं. "काहीही करा, पण कागदावर मीही असू दे. बारा वर्षं राबतेय. उद्या कोणी विचारलं तर मी कोण, याचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असावं."

मालक म्हणत, "बघू." नवऱ्याचं 'बघू' म्हणजे काय हे वहिनींना ठाऊक होतं. खरी गोष्ट अशी, की मालकांचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवत राहिले, आणि फाटकावर आपलं एकट्याचं नाव असावं ही मालकांची लहानपणापासूनची हौस होती. पण बायकोच्या तोंडावर हे म्हणायची छाती नव्हती.

महाराजांनी कागदावर तीन वर्तुळं काढली. डावीकडे एकमालकी, मध्ये भागीदारी, उजवीकडे कंपनी. मालकांनी श्वास रोखून दोरा धरला. लोलक थरथरला, आणि तडक डावीकडे गेला. तीनदा विचारलं, तीनदा डावीकडे.

"मी हलवला नाही," मालक म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

"हा कागद आणि एक सिद्ध लोलक घरी नेऊन ठेव," महाराज म्हणाले. "दक्षिणा त्या डब्यात."

घरात शिरताना मालकांनी चेहरा जमेल तितका पाडला. "काय करणार," ते बायकोला म्हणाले, "माझ्या मनात तसं नव्हतं गं. पण लोलकाने एकमालकीच सांगितली. त्याच्यापुढे आपण कोण?"

वहिनींनी लोलक हातात घेतला, मालकांच्या खिशातला तोच कागद टेबलावर पसरला आणि दोरा धरला. लोलक उजवीकडे निघाला. कंपनी. पुन्हा धरला, पुन्हा कंपनी.

"तू हलवतेस," मालक म्हणाले.

"देवाशपथ नाही." वहिनी स्वतःच चकित झाल्या होत्या. "मग तुम्ही हलवला होता?"

"छे."

दोघं एकमेकांकडे संशयाने बघत बसली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि इतक्या सभ्यपणे एकमेकांना खोटारडं ठरवायची ही पहिलीच वेळ होती. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मावशीला विचारू."

वहिनींची मावशी हमरस्त्यावरचा वजनकाटा सांभाळायची. त्याआधी वीस वर्षं तिने शाळेत विज्ञान शिकवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, दोघांच्या हातून लोलक एकेकदा चालवून बघितला आणि म्हणाली, "जावईबापू, उद्या मलाही दर्शनाला न्या."

दुसऱ्या दिवशी गोदाम पुन्हा भरलं. मावशी थेट पुढे गेली, मागोमाग मालक आणि वहिनी.

"महाराज, हा तुम्ही दिलेला लोलक. नवऱ्याला एक सांगतो, बायकोला दुसरंच. धंद्याला आत्मे दोन आहेत का?"

"स्त्रीचं मन चंचल असतं, ताई."

"चंचल म्हणता, पण तिचा लोलक दोन्ही वेळा एकाच जागी गेला. बरं, मन बाजूलाच ठेवू." मावशीने गोदामातल्या साखळीच्या हुकाला दोरा अडकवला आणि खाली तो कागद सरकवला. "आता विचारा."

महाराजांनी विचारलं. लोलक ढिम्म. पुन्हा विचारलं, मोठ्याने विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, "झोपला वाटतं."

"आत्म्याला देहाचं माध्यम लागतं," महाराज घाईने म्हणाले. "लोखंडातून तो बोलत नाही."

"ठीक. मग देह ठेवू, फक्त डोळे झाकू. कोण येतंय?"

आपले मालक पुढे झाले. कारण काल तीनदा खरं ठरलेलं आज चौथ्यांदा खरं ठरणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मावशीने त्यांचं बोट कागदावर टेकवत तीन वर्तुळं कुठे आहेत ते त्यांना दाखवून दिलं. मग ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, तो कागद उचलला आणि त्याच जागी पिशवीतून दुसरा काढून ठेवला.

"विचारा, जावईबापू."

मालकांनी मनोभावे विचारलं. लोलक थरथरला आणि ऐटीत डावीकडे निघाला. लोक हसू लागले. मालकांना वाटलं, आनंदाने हसताहेत, म्हणून तेही हसले. "बघितलंत?" ते रुमालाच्या आतून म्हणाले. "एकमालकी."

रुमाल सुटला. डावीकडच्या वर्तुळात मावशीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'ट्रक भंगारात घाला.' लोलक अजून त्यावरच झोके घेत होता.

मालकांनी ते दोनदा वाचलं.

"शंकेखोरांच्या सावलीत लोलक बिथरतो," महाराज म्हणाले, पण आता त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. कालचा कापडव्यापारी दक्षिणेच्या डब्याजवळ जाऊन उभा राहिला होता.

"जावईबापू, काट्यावर गाडी तोलताना मी ड्रायव्हरला खाली का उतरवते?" मावशीने विचारलं.

"त्याचं वजन मालात धरलं जाऊ नये म्हणून."

"मग लोलकाचं उत्तर घेताना तुम्हाला कोणी उतरवलं? मनात एखादी इच्छा असली आणि जागा ठाऊक असली, की बोटं अगदी केसभर हलतात. आपल्याला कळतही नाही. लांब दोऱ्याच्या टोकाला त्या केसभराचा झोका होतो, झोका दिसला की इच्छा वाढते, आणि बोटं आणखी हलतात. तुम्ही दोघंही खोटं बोलला नाहीत. फक्त आपल्याच मनातलं आपल्याला ऐकवलंत. हे महाराजांनाही माहीत आहे, म्हणून ते स्वतः दोरा कधी धरत नाहीत."

मालकांनी बायकोकडे बघितलं. लोकांच्या हसण्याचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं. पण आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे तुमच्याच मनात होतं," वहिनी हळूच म्हणाल्या. "तोंडाने सांगितलं असतंत तर मी भांडले असते. पण वाईट वाटलं नसतं इतकं."

"भांडशील म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि पितळेच्या गोळ्याशी मी भांडणार नाही, असं वाटलं?"

चार महिने आपण सल्ला शोधत नव्हतो, आपल्याला दोष घेणारा कोणीतरी हवा होता, हे मालकांना तिथे भर गर्दीत कळलं. गाडी सोडण्याआधी ब्रेक तपासणाऱ्या या शहाण्याने संसार मात्र न तपासता उतारावर सोडला होता.

त्या संध्याकाळी दोघं भांडली. चांगली दोन तास भांडली, मग सल्लागाराकडे जाऊन एकेक प्रश्न विचारला. दावा आला तर घराचं काय? आपल्यातलं एक उद्या नसलं तर गाड्या कोणाच्या? वर्षाचे कागद भरायला किती दिवस जातील, आणि ते कोण भरेल? उत्तरं काही जादूची नव्हती. काही कंटाळवाणी होती, दोन तर अजिबात आवडणारी नव्हती. पण त्यातून कंपनी ठरली, निम्मा हिस्सा मालकांचा, निम्मा वहिनींचा, दोघंही संचालक.

तेव्हा वाचकहो, लोलक असो, अंगारा असो की कोणाच्या अंगात आलेलं काही असो, त्याला एवढंच करून बघा: ज्याला उत्तर हवंय त्याचे डोळे झाका आणि कागद बदला. जे खरं असेल ते तरीही खरंच राहील. आणि जो प्रश्न घरात बसून विचारता येतो, तो रांगेत उभं राहून विचारू नका. आपली बुद्धी चुकते, पण तिची चूक सापडते, आणि सापडलेली चूक सुधारता येते.

गुरुवारी कागदांवर सह्या झाल्या. सल्लागाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि उद्या हा निर्णय चुकला तर? कोणाला धरायचं?"

मालकांचं बोट सवयीने दुसरीकडे वळायला निघालं होतं. त्यांनी ते आवरलं.

"मला धरा," ते म्हणाले.

"निम्मं," वहिनी म्हणाल्या. "निम्मं मला."