सात अंश

“पाकीट उघडेपर्यंत आपला आकडा कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही,” आमचे गुरू एर्गाश दोमला दर मोजणीआधी बजावत. माझ्याहून थोरल्या सहकारी होसियत ओपांनी (ओपा म्हणजे ताई) आणि मी ते मान खाली घालून एकत्रच ऐकलेलं.

या वेळी एकाच काचेचे तीन तुकडे होते. एक ताश्कंदला आमच्याकडे, एक अल्माटीला, एक दूर चेक देशात ब्रनोला. काच किती अंशांवर मऊ पडू लागते ते प्रत्येकानं मोजून बंद पाकिटात पाठवायचं.

आमचा आकडा चारशे शहाऐंशी निघाला, अल्माटीचाही तोच. ब्रनोच्या क्वेताबाईंचा चारशे एकोणऐंशी. दोन प्रयोगशाळा जुळल्या म्हणून त्यांचा आकडा गाळला, शोधनिबंधातून नावही. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, “मी तीनदा मोजलं होतं, ओयदिन.”

“चूक आमची निघाली तर मी स्वतः कळवेन,” मी म्हटलं. निघेल असं वाटलंच नव्हतं.

आज सकाळी यंत्र तपासायला शुद्ध जस्त ठेवलं. ते चारशे वीसला वितळतं. यंत्रानं चारशे सत्तावीस दाखवलं. पुन्हा लावलं, तेच.

खोट आमच्या यंत्राची. मग अल्माटीच्या आकड्यात नेमकी तेवढीच कशी शिरली?

होसियत ओपा शेजारच्या टेबलावर नान मोडत होत्या. अठरा वर्षं आम्ही अशाच शेजारी. माझा गुरुवारचा रोजा असतो, म्हणून संध्याकाळसाठी अर्धा नान त्या रुमालात बांधून ठेवतात.

“ओपा, अल्माटीला आकडा तुम्ही सांगितलात?”

“त्यांचं यंत्र बंद पडलं होतं गं. मुदत संपत आलेली. विचारलं, सांगितला.”

“पाकिटाआधी?”

“नंतर सांगायला मी काय वर्तमानपत्र आहे?” त्या हसल्या. मी हसले नाही. “अगं, तुझाच आकडा दिला ना? तू मोजलेलं कधी चुकतं का?”

“चुकलंय. सात अंशांनी. आणि तिकडे एक बाई खोटी ठरली.”

हातातला तुकडा त्यांनी रुमालावर ठेवला. म्हणाल्या, “ती परकी आहे, ओयदिन. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत.”

रुमाल त्यांनी माझ्याकडे सरकवला. मला तो उचलवेना.

मी हातपाय धुऊन वजू केलं, असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज पढले. दुआत ओपांचं नाव रोज असतं. आजही घेतलं. मग चूक आमची आणि अल्माटीचा आकडाही आमच्याकडूनच गेलेला, असं ब्रनोला आणि अल्माटीला पाठवायचं पत्र लिहिलं, जस्ताच्या दोन्ही मोजण्या सोबत जोडल्या, आणि सहीसाठी संचालकांच्या खोलीकडे जिना चढू लागले.