चार बोटं दूर

"रबर कुठाय?" पप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि तेव्हा मला कळलं की त्यांना खरंच माहीत नाहीये.

रविवारची सकाळ होती. मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या आमच्या गाड्यांच्या काचांच्या गाळ्यात शैलाताईंची गाडी उभी होती. शैलाताई सिल्व्हर पार्कला राहतात. त्यांचे मिस्टर जहाजावर नोकरीला होते, त्यांनी ही गाडी जपानहून आणलेली. ते गेल्यापासून सहा वर्षं ती ताडपत्रीखालीच होती. आता पुढच्या काचेखालचा पत्रा गंजला होता, आणि तो जोडायचा तर आधी काच काढायला हवी. काच फुटली तर तशी दुसरी कुठे मिळणार नव्हती, म्हणून तर त्या पप्पांकडे आल्या. उत्तम जाधवांनी, म्हणजे पप्पांनी, बावीस वर्षांत एकही काच फोडलेली नाही, हे मीरा रोडला सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना नव्हतं त्यांना मी सांगायचे.

तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या काचा रबराच्या पट्टीत बसवलेल्या असायच्या. पप्पांचं सगळं कसब पायात. आधी ते साबणाने पाय धुणार, कोरडे पुसणार. मग गाडीत सीटवर उताणे पडून दोन्ही तळवे काचेला लावणार. बाहेरून मी रबराची कड उलटवत जायचं, आतून ते हळूच रेटणार. "आली," म्हणाले की काच आलीच.

त्या महिन्यात मला शाळेत वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि माझं तोंड काही बंद राहत नव्हतं. सकाळी पप्पा चहा पीत होते, तेवढ्यात मीच शैलाताईंना सांगून टाकलं, "एक वाजता या, काच काढून ठेवतो." पप्पांनी तोवर गाडीकडे नीट बघितलंही नव्हतं.

आणि आता रबरच नव्हतं. म्हणजे काळी पट्टी होती, पण ती नुसती शोभेची. ओढली तर रिबिनीसारखी हातात आली. खाली काच आणि पत्रा यांच्यामध्ये काहीतरी काळं, घट्ट वाळलेलं. पप्पांनी त्यात नख खुपसलं. वास घेतला. मग पाय धुऊन आत झोपले, तळवे टेकवले.

"चिकटवलीये ही," ते म्हणाले.

"गाडीची काच कोण चिकटवतं, पप्पा?" मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

त्यांनी पाय खाली घेतले. "तारेने कापून काढायला लागेल बहुतेक. आज नको. जरा विचार करू दे मला."

सव्वाबारा झाले होते. शैलाताई येणार आणि मी काय सांगणार?

"त्या एकला येतायत, मी सांगितलंय त्यांना," मी म्हटलं. "थोडा जोर लावा ना. तुम्हाला नाय जमणार तर कोणाला जमणार?"

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय परत वर घेतले.

टक.

एवढासाच आवाज. डाव्या कोपऱ्यातून एक चीर निघाली आणि वीतभर वर जाऊन थांबली.

पप्पा उठून बाहेर आले. शेजारच्या शिवाकाकांच्या गाळ्यातून त्यांनी बारीक पोलादी तार आणली, त्या काळ्या थरातून आरपार घातली. एक टोक आत माझ्याकडे, एक बाहेर त्यांच्याकडे. मी ओढायची, मग त्यांनी ओढायची, करवतीसारखं. पाऊण तासात काच सुटली. इतकं सोपं. म्हणजे त्यांना बरोबर कळलं होतं. मग त्यांनी माझं का ऐकलं? नववीतल्या पोरीचं? हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नीट कळलेलं नाही.

शैलाताई आल्या तेव्हा काच गादीवर ठेवलेली होती. त्यांना चीर लगेच दिसली.

"माझ्या पायाचा जोर जास्त पडला, ताई," पप्पा म्हणाले.

मी तोंड उघडलं. पप्पांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पहिल्या बक्षीसवालीने तोंड मिटलं.

शैलाताईंनी चिरेवरून बोट फिरवलं. "माझ्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या. "हे चालवायचे, मी इथे बसायची." मग चिरेवरून बोट उचलून म्हणाल्या, "हीच बसवा." त्या रागावल्या होत्या की नव्हत्या, तेही मला समजलं नाही. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तर मी जास्तच गोंधळले.

पुढच्या रविवारी एक जुनी ॲम्बेसेडर आली. तिचं जाडजूड रबर रस्त्यावरून दिसत होतं. पप्पांनी पाय धुतले, पुसले, आत जाऊन झोपले. मी बाहेर तयार उभी. तळवे काही टेकेनात.

"स्नेहल," आतून आवाज आला, "रबर आहे का बघ गं."

मला हसू येणार होतं, पण आलं नाही. मी चारही बाजूंनी बोट फिरवलं. "आहे, पप्पा."

"नीट बघितलंस?"

मी पुन्हा सुरुवातीपासून बोट फिरवायला लागले. काचेपलीकडे त्यांचे धुतलेले तळवे तसेच थांबले होते, काचेपासून चार बोटं दूर.