कपावरचं नाव

शहर बघायचं तर बसमधून नाही, कॉफीच्या दुकानांतून बघायचं, असा भाच्याचा सिद्धांत होता. आत्या पहिल्यांदाच परदेशात आलेली, म्हणून सकाळपासून तो तिला गल्लोगल्ली हिंडवत होता. नदीकाठची कॉफी आंबट निघाली, बाजाराजवळची जळकी. सगळीकडे भिंतींचं प्लास्टर मुद्दाम उकरलेलं आणि खुर्च्या अशा, की माणसाने बसताक्षणी उठावं. भाचा मात्र डोळे मिटून घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "आत्या, जांभळाची चव लागते का बघ."

"मग जांभळंच घे की मेल्या!"

तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने कपांवर लिहायला नावं विचारली. भाच्याने तिथल्या भाषेत काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने मुलगी ओरडली, "मॅक्स!" आणि भाचा टुणकन उठला.

आत्या बघतच राहिली. त्याचं नाव पाळण्यात तिनेच ठेवलेलं, त्याच्या कानात पहिल्यांदा तिनेच सांगितलेलं.

"ह्या लोकांना आपली नावं जमत नाहीत गं," कप घेऊन आलेला भाचा ओशाळून म्हणाला.

"आणि तुला त्यांच्या कॉफ्यांची नावं बरी तोंडपाठ!"

तेवढ्यात मुलीने पुन्हा हाक दिली, "टीना!" कोणीच हललं नाही. तिने तीनदा ओरडून पाहिलं.

"आत्या," भाचा हळूच म्हणाला, "ती तुझी कॉफी आहे."

"माझी कशी? टीनाची आहे." आत्याने पदर सावरला आणि पाठ टेकली. "जा मॅक्स, तूच आण. तुमच्यातलीच दिसते कोणी."