आत्याची बुलाख

नाकाचा मधला पडदा टोचून घ्यायचा म्हटल्यावर लताकाकूने आधी स्वतःचं नाक मुरडलं. "आशा, सातपूरच्या कंपनीत जाणारी पोरगी तू, तुला कशाला बुलाख? आमच्या स्नेहाला शोभेल." शोभेल म्हणे! स्नेहाला नुसती सुई दिसली तरी घेरी येते. मी दुसऱ्याच दिवशी सोनाराकडे जाऊन बसले.

बुलाख माझ्या चांगुणाआत्याची. आत्या पेठला असते, तिला मूलबाळ नाही. ती बोलायला लागली की वरच्या ओठावर बुलाख डुलायची, आणि लहानपणापासून मला ती हवी होती. आमच्यात बुलाख डबीतून देत नाहीत. एका नाकातून काढायची ती थेट दुसऱ्या नाकात. दिनेशदादाच्या लग्नात आत्या ती उतरवणार होती. तोवर माझं भोक बुजलं, तर बुलाख स्नेहाची; घेरी आली तरी काकूने तिचंही नाक टोचून आणलं होतं.

कंपनीत अंगावर धातू चालत नव्हता, म्हणून मी कडुनिंबाची काडी घातली. मिठाच्या कोमट पाण्याने शेकायचं, खोबरेल लावायचं, हात धुतल्याशिवाय नाकाला बोट लावायचं नाही. सर्दी झाली तेव्हा अक्षरशः नाकी नऊ आले. पण हळूहळू ठणका गेला आणि काडी मोकळी फिरू लागली.

लग्न तोंडावर आलं तेव्हा आत्याचा फोन आला. तो आईने घेतला. "वन्सं म्हणाल्या, आता काडी वाढव."

आमच्या आईच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा बंद होत नाही, वाढवलं जातं. तेव्हा काडी वाढवायची म्हणजे काढून टाकायची, याबद्दल आम्हा मायलेकींना शंकाच आली नाही. मी काडी काढून फेकली.

सकाळी भोक सापडेना. मी रडतच पेठला फोन लावला.

"अगं येडे!" आत्या कडाडली. "वाढव म्हंजी जाड घाल! बुलाखीचा आकडा जाड हाय, म्हून सांगितलं. आता रडू नको न् जोर लावू नको. खराट्याची बारीक काडी उकळून घे, तेलात बुडव. वाट अजून हाय, गावंल."

आईने आरसा धरला. माझ्यापेक्षा तीच जास्त रडत होती. मी शेकलं, थांबले, पुन्हा चाचपलं आणि काडी अचानक आरपार गेली. मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. मग दुखलं की थांबत, जरा जाड, आणखी जाड काडी घालत गेले.

मांडवात लताकाकू स्नेहाला पुढे घेऊनच उभी होती. "बुजलं म्हणे हिचं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मी फक्त मान वर केली.

आत्याने बुलाख उतरवली, गरम पाण्यात धुतली, तेल लावलं. आकडा क्षणभर अडला. मग तो सरकला आणि बुलाख माझ्या ओठावर टेकली. कुणी तरी टाळी वाजवली. मी इतकी हसले की बुलाख नाचायलाच लागली.

आत्याने स्वतःच्या मोकळ्या नाकावरून बोट फिरवलं.

"आता माझं बुजू दे खुशाल," ती म्हणाली.